मिहानच्या आशेवरचा भूखंड

नागपूरच्या दक्षिणेला वर्धा मार्गालगत गेली वीस-बावीस वर्षे एक शब्द जमिनीचा भाव ठरवीत आला आहे. 'मिहान' हे मुळात एका लांबलचक इंग्रजी नावातील आद्याक्षरांचे रूप. आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि विविध वाहतूक साधनांना जोडणारे मालवाहतूक केंद्र, एवढाच त्याचा अर्थ. परंतु बेसा, बेलतरोडी, जामठा, डोंगरगाव, गुमगाव, थेट बुटीबोरीपर्यंतच्या शेतांत उभ्या असलेल्या फलकांवर या शब्दाला दुसराच अर्थ आला आहे. 'मिहानपासून दहा मिनिटे' म्हणजे 'आज घ्या, उद्या दामदुप्पट'. हे फलक वाचून आयुष्यभराची शिल्लक घेऊन जाणारा माणूस जमीनदार किंवा सट्टेबाज नसतो. तो शिक्षक असतो, बँकेतला कारकून असतो, वीज कंपनीतला तंत्रज्ञ असतो, नुकताच नोकरीला लागलेला संगणक अभियंता असतो. व्यापारी वर्ग त्याला 'नवा गुंतवणूकदार' म्हणतो. या नव्या गुंतवणूकदाराच्या अडचणींचा विचार आपल्या चळवळीने आजवर फारसा केलेला नाही. 'मालमत्तेच्या मागे लागलेला मध्यमवर्ग' असे म्हणून आपण त्याची बोळवण करतो. हे बरोबर नाही. त्याची अडचण समजून घेतली, तर जमिनीच्या प्रश्नाची गाठ नेमकी कोठे आहे, हेही समजते.

प्रथम मिहानविषयी न्यायाने बोलले पाहिजे. ही केवळ कागदावरची योजना राहिली, असे म्हणणे खरे ठरणार नाही. २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही इत्यादी गावांच्या शिवारांतून सुमारे चार हजार हेक्टरांचा प्रकल्प आखण्यात आला. विमानदुरुस्तीचे केंद्र २०१५ साली सुरू झाले. संगणक क्षेत्रातील टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल या कंपन्या आल्या. खापरी ते सीताबर्डी मेट्रो २०१९ मध्ये धावू लागली. भारतीय व्यवस्थापन संस्थेचे दहेगावचे संकुल आणि एम्स रुग्णालय यांची उद्घाटने २०२२ मध्ये झाली. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा त्याच वर्षी डिसेंबरात खुला झाला आणि जून २०२५ मध्ये तो मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण झाला.

मात्र या तारखा नीट पाहाव्यात. घोषणा होते, तेव्हा जमिनीचा भाव चढतो. काम होते ते दहा-पंधरा वर्षांनी. पतंजलीच्या खाद्यप्रक्रिया प्रकल्पाची पायाभरणी सप्टेंबर २०१६ मध्ये झाली, त्याचे उद्घाटन मार्च २०२५ मध्ये. मधल्या साडेआठ वर्षांत 'प्रकल्प येतो आहे' एवढ्या एका वाक्यावर आसपास किती भूखंड विकले गेले असतील, याची कल्पना वर्धा मार्गावरून जाणाऱ्या कोणालाही करता येईल. २००८ च्या जागतिक मंदीनंतर तर मिहानचा वेग अनेक वर्षे मंदावला. जमीन घेऊन तिच्याभोवती नुसते कुंपण घालून बसलेल्या कंपन्याही नागपूरकरांनी पाहिल्या. घोषणा आणि काम यांच्यामधला हा काळ कोणाच्या खिशातून भागतो, हाच खरा प्रश्न आहे. बड्या कंपनीला तो परवडतो. मोठ्या जमीनव्यापाऱ्याला तो परवडतो, कारण त्याने जमीन घोषणेपूर्वीच शेतकऱ्याच्या भावाने घेतलेली असते. पगारातून हप्ता फेडणाऱ्याला तो परवडत नाही. तो बाजारात सर्वांत शेवटी येतो, आणि पुढे होणारी भाववाढ त्याच्याकडून आधीच वसूल केलेली असते.

हिशेब काय सांगतो?

एक साधे उदाहरण घेऊ. चाळीस लाखांचे घर भाड्याने देण्यासाठी घ्यायचे आहे. दहा लाख पदरचे आणि तीस लाख कर्जाऊ. व्याजाचा दर शेकडा साडेआठ, मुदत वीस वर्षे. मासिक हप्ता सुमारे २६ हजार रुपये येतो. वीस वर्षांत बँकेला साडेबासष्ट लाख द्यावे लागतात, म्हणजे व्याजच मुद्दलाहून अधिक होते. मुद्रांकशुल्क आणि नोंदणीचा सुमारे तीन लाखांचा खर्च वेगळाच. आता उत्पन्न पाहा. आपल्या शहरांत घराच्या किमतीच्या मानाने वार्षिक भाडे शेकडा तीनच्या आसपास मिळते. म्हणजे चाळीस लाखांच्या घराचे भाडे महिन्याला दहा हजार. त्यातून घरपट्टी, देखभाल आणि घर रिकामे राहण्याचे महिने वजा करावे लागतात. ते सोडले तरी दरमहा सोळा हजारांची तूट उरते. ही तूट मालकाने आपल्या पगारातून, मुलांच्या शिक्षणातून, घरातल्या आजारपणाच्या तरतुदीतून भरायची असते. ती भरून निघण्याची एकच आशा, ती म्हणजे भाव वाढत राहतील ही.

व्याजाचा दरही त्याच्या हातात नसतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर शेकडा चारवरून साडेसहावर गेला. बदलत्या दराने कर्ज घेतलेल्या लक्षावधी कुटुंबांचे हप्ते किंवा मुदती त्या एका वर्षात वाढल्या. पुढे दर उतरले, पण मधल्या काळात दिलेले व्याज कोणी परत करीत नाही.

भूखंडाची गोष्ट याहून कठीण आहे. भूखंडाला भाडेही येत नाही. शेकडा आठ व्याजाने बँकेत ठेवलेली रक्कम नऊ वर्षांत दुप्पट आणि पंधरा वर्षांत तिपटीहून अधिक होते. म्हणून '२००७ साली घेतलेला प्लॉट आज तिप्पट झाला' असे जो अभिमानाने सांगतो, त्याने मुदतठेवीपेक्षा काही अधिक मिळवलेले नसते. उलट पंधरा वर्षे तो अतिक्रमणाच्या, कज्जाच्या आणि आरक्षणाच्या भीतीखाली राहिलेला असतो. शिवाय ठेव गरजेच्या वेळी मोडता येते. प्लॉट विकायचा, तर गिऱ्हाईक भेटेपर्यंत थांबावे लागते, आणि अडलेल्या विक्रेत्याला फलकावरचा भाव कोणी देत नाही.

'जमिनीचा भाव कधी उतरत नाही' हे वाक्य आपल्याकडे वेदवाक्यासारखे म्हटले जाते. जपानमध्येही १९८० च्या दशकात लोक असेच म्हणत होते. १९९१ नंतर तेथील शहरी जमिनीचे भाव जवळजवळ पंधरा वर्षे घसरत राहिले. अमेरिकेत २००८ मध्ये घरांचा बाजार कोसळला आणि लक्षावधी कुटुंबे घराबाहेर पडली. चीनमधील एव्हरग्रांद या प्रचंड बांधकाम कंपनीच्या विसर्जनाचा आदेश हाँगकाँगच्या न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये दिला. अपुरी घरे आणि आगाऊ भरलेले पैसे ग्राहकांच्या पदरात राहिले. जमीन मर्यादित आहे हे खरे, पण माणसाची क्रयशक्तीही मर्यादित आहे, हे सट्टा विसरतो.

कागदाचा चक्रव्यूह

समजा, किमतीचा हिशेब जमला, तरी पुढे कागद उभे राहतात. विदर्भात शेतजमिनीच्या व्यवहारांना १९५८ चा कूळवहिवाट व शेतजमीन कायदा लागू आहे. शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून शेतजमीन विकण्यास त्याने बंदी घातली. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने प्रमाणापेक्षा लहान तुकडे पाडण्यास मनाई केली. असे असूनही शेतात चुन्याच्या रेघा मारून, मुरुमाचा रस्ता टाकून, इसारचिठ्ठीवर किंवा आममुखत्यारपत्रावर हजार-दीड हजार चौरस फुटांचे तुकडे नागपूरभोवती सर्रास विकले गेले. आममुखत्यारपत्रावरच्या अशा विक्रीने मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच निःसंदिग्धपणे सांगितले आहे. हा निकाल प्लॉट विकणारा दलाल जाणतो. घेणाऱ्याला तो घर बांधायला निघाल्यावर कळतो.

या अनधिकृत अभिन्यासांच्या प्रश्नाची खोली नागपूरकरांना सांगायला नको. '५७२' आणि '१९००' हे आकडे येथे अभिन्यासांच्या याद्या म्हणूनच लोकांना पाठ आहेत. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने त्या वर्षारंभापूर्वीचे भूखंड नियमित करण्याची वाट उघडली. २०२१ मध्ये ती मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविण्यात आली. २०२५ मध्ये राज्य शासनाने तुकडेबंदीही शिथिल करण्याचे जाहीर केले. फसलेल्या कुटुंबाला दिलासा मिळणे आवश्यकच होते, त्याबद्दल दुमत नाही. पण या क्रमाने बाजाराला कोणता धडा मिळाला? आज बेकायदा तुकडे पाडा, पैसे घ्या आणि निघून जा. वीस वर्षांनी शासन ते नियमित करील, आणि नियमित करण्याचे शुल्क, विकासखर्च, 'आर.एल.'साठी नागपूर सुधार प्रन्यासाच्या पायऱ्या झिजविणे, हे सर्व विकणाऱ्याच्या नव्हे तर घेणाऱ्याच्या वाट्याला येईल. गुन्हा एकाचा आणि दंड दुसऱ्याला, अशी ही न्यायव्यवस्था झाली आहे.

त्यात आता शहराबाहेरच्या पट्ट्यात २०१७ पासून नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे. त्याच्या विकास आराखड्यात आपला भूखंड निवासी क्षेत्रात आहे, शेतीक्षेत्रात आहे की प्रस्तावित रस्त्याखाली, हे पाहिल्याशिवाय पैसे देणारा माणूस डोळे बांधून विहिरीच्या काठावरून चालत असतो. मिहानच्या हद्दीतील जमीनही सामान्यतः दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली जाते. 'मालकी' आणि 'भाडेपट्टा' यांतील फरक रंगीत माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत छापलेला नसतो.

सदनिकांच्या बाबतीत स्थिती थोडी सुधारली आहे. १९६३ चा मालकी सदनिका कायदा बिल्डरांनी निष्प्रभ करून टाकला होता. केंद्राच्या २०१६ च्या कायद्याने आणि मे २०१७ मध्ये सुरू झालेल्या महारेराने त्यांच्यावर काही बंधने घातली. पाचशे चौरस मीटरहून मोठा किंवा आठांहून अधिक घरांचा प्रकल्प, भूखंडांचा अभिन्यास धरून, नोंदणीवाचून विकता येत नाही. ग्राहकांच्या पैशांपैकी शेकडा सत्तर रक्कम त्याच प्रकल्पाच्या खात्यात ठेवावी लागते. ताबा वेळेवर मिळाला नाही, तर पैसे सव्याज परत मागता येतात. सदनिकाधारक हा दिवाळखोरीच्या कार्यवाहीत वित्तीय धनको ठरतो, हेही २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. कायदा म्हणून हे पाऊल चांगलेच आहे. परंतु निकाल लागल्यावर वसुलीचे अधिपत्र जिल्हाधिकाऱ्याकडे जाते आणि तेथे तुंबते. राज्यभरात अशी शेकडो कोटी रुपयांची वसुली अडून राहिली. शेतकऱ्याच्या थकलेल्या कर्जासाठी दारात जप्ती आणणारे प्रशासन बिल्डरच्या दाराशी पोचेपर्यंत इतके थकते का, हे विचारण्याचा नागरिकाला अधिकार आहे.

वाढलेली किंमत कोणाची?

यापुढचा प्रश्न तत्त्वाचा आहे. मिहानभोवती जमिनीची किंमत वाढली ती कशाने? विमानतळ, महामार्ग, मेट्रो, एम्स आणि व्यवस्थापन संस्था या सर्वांना पैसा सार्वजनिक तिजोरीतून किंवा सार्वजनिक कर्जातून आला. शेजारच्या शेतात चुन्याची रेघ मारणाऱ्याने त्यात एक वीटही ठेवलेली नाही. समाजाने निर्माण केलेली ही मूल्यवृद्धी समाजाकडे परत येत नाही. ज्यांच्या शेतांवर प्रकल्प उभा राहिला, त्या शिवणगावच्या आणि शेजारच्या गावांतील शेतकऱ्यांनाही ती मिळाली नाही. त्यांना मोबदल्यासाठी आणि पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळावी, ही त्यांची मागणी आकाशातून पडलेली नव्हती. जानेवारी १९८४ मध्ये उरणच्या जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले, तेव्हा कोठे हे तत्त्व राज्याच्या गळी उतरले. जमीन देणाऱ्याला तिच्या वाढीव किमतीत वाटा हवा, हे ते तत्त्व होय.

म्हणजे साखळी अशी आहे. एका टोकाला स्वस्तात जमीन गेलेला शेतकरी, दुसऱ्या टोकाला महागात जमीन घेतलेला पगारदार, आणि मध्ये दोघांच्या किमतींतील अंतर खिशात घालणारा जमीनव्यापारी. शेतकरी आणि पगारदार यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्यात त्या मधल्याचा फायदा असतो. 'प्रकल्पग्रस्तांच्या आंदोलनामुळे मिहान रखडले आणि तुमचा प्लॉट वाढला नाही,' असे प्लॉटधारकाला सांगितले जाते. 'शहरी लोकांनी तुमच्या जमिनी लुटल्या,' असे शेतकऱ्याला सांगितले जाते.

१९७६ च्या नागरी जमीन कमाल मर्यादा कायद्याने या साखळीवर घाव घालण्याचा एक प्रयत्न केला होता. त्याची अंमलबजावणी सवलतींनी आणि भ्रष्टाचाराने पोखरली गेली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच कायद्याखालील अतिरिक्त जमिनीवर गोरेगावच्या दिंडोशी भागात मृणाल गोरे, बाबुराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नागरी निवारा परिषदेने हजारो अल्प उत्पन्न कुटुंबांची घरे उभी केली. कायदा सदोष होता. लोकसंघटना मागे उभी राहिली तेव्हा त्यातूनही घर मिळाले. नोव्हेंबर २००७ मध्ये महाराष्ट्राने हा कायदा रद्द केला, तेव्हा 'जमीन मोकळी होईल आणि घरे स्वस्त होतील' असे आश्वासन होते. जमीन मोकळी झाली. घरे स्वस्त झाली का, याचे उत्तर प्रत्येक वाचकापाशी आहे.

२०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांतून एक कोटी दहा लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली. त्याच सुमारास सरकारच्याच तज्ज्ञगटाने शहरी घरांची टंचाई सुमारे एक कोटी ८८ लाख ठरविली, आणि तिच्यातील शेकडा ९५ हून अधिक टंचाई दुर्बल व अल्प उत्पन्न गटांची होती. घर राहण्यासाठी न बांधता भावासाठी बांधले की कुलूपबंद घर आणि बेघर माणूस एकाच रस्त्यावर दिसू लागतात.

तो तेथे का जातो?

इतके धोके असूनही सामान्य पगारदार या बाजारात का उतरतो? हाव हे उत्तर सोपे आहे, पण ते अपुरे आहे. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्या शासकीय कर्मचाऱ्यांचे जुने निवृत्तिवेतन गेले. त्यासाठी मार्च २०२३ मध्ये लक्षावधी कर्मचारी संपावर गेले. खासगी क्षेत्रातील कामगाराला १९९५ च्या योजनेखालील किमान निवृत्तिवेतन २०१४ मध्ये ठरले ते महिना एक हजार रुपये. हजार रुपयांत म्हातारपण कसे काढावे? ठेवीवरचे व्याज महागाई खाऊन टाकते. २०१३-१४ च्या सुमारास नागपुरात दामदुपटीच्या ठेवयोजना कोसळल्या आणि शेकडो निवृत्तांची पुंजी बुडाली. अशा वेळी माणूस म्हणतो, कागदापेक्षा माती बरी. मातीचा तो तुकडा त्याचे निवृत्तिवेतन असतो, मुलीच्या शिक्षणाची तरतूद असतो, आजारपणाचा विमा असतो. समाजाने जी सुरक्षा द्यायची, ती तो एकटा बाजारातून विकत घेऊ पाहतो, आणि बाजार त्याला ती सर्वांत चढ्या भावाने विकतो.

म्हणून आपल्या कार्यकर्त्यांनी या वर्गाकडे तुच्छतेने पाहू नये. त्याला उपदेशही करू नये. त्याच्यासाठी करण्यासारखी ठोस कामे आहेत. प्रत्येक वस्तीत, प्रत्येक कर्मचारी संघटनेत कागद तपासण्याची मदत सुरू करता येईल. इसार देण्यापूर्वी सातबारा आणि जुने फेरफार, अकृषक परवानगी, मंजूर अभिन्यासाचा नकाशा, विकास आराखड्यातील क्षेत्राचा दाखला, महारेराची नोंदणी आणि नोंदणीकृत विक्रीपत्र ही कागदपत्रे पाहिलीच पाहिजेत. हप्ता घरच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांशाहून अधिक जात असेल, तर 'थांबा' असे सांगण्याचे धैर्य मित्राने दाखविले पाहिजे. आणि राहायचे नाही ते दुसरे घर केवळ भावाच्या आशेवर कर्ज काढून घेऊ नये, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

पण एकेकट्याची सावधगिरी पुरेशी नाही. फसलेल्या प्लॉटधारकांच्या समित्या आणि प्रकल्पग्रस्तांच्या समित्या एका मंचावर आल्या पाहिजेत. अनधिकृत अभिन्यास नियमित करण्याचा खर्च तो पाडणाऱ्याकडून वसूल व्हावा. महारेराच्या वसुलीला मुदत असावी. जमीन घेऊन काम न करणाऱ्या कंपन्यांकडून ती परत घेऊन तिच्यावर भाड्याची सार्वजनिक घरे बांधावीत, कारण मिहानमध्ये काम करणारा सुरक्षारक्षक, परिचारिका आणि कंत्राटी सफाई कामगार यांना प्लॉट नको, कामाजवळ परवडणारे छप्पर हवे आहे. ऑस्ट्रियातील व्हिएन्ना नगरपालिकेने १९२० च्या दशकापासून अशी घरे बांधली. आज त्या शहरातील सुमारे निम्मे लोक सार्वजनिक किंवा अनुदानित घरांत राहतात, आणि तेथील सामान्य नोकरदाराला म्हातारपणासाठी शहराबाहेर चुन्याची रेघ शोधत फिरावे लागत नाही.

वर्धा मार्गावरचा नवा गुंतवणूकदार ज्या सुरक्षेच्या शोधात निघाला आहे, ती सुरक्षा हजार चौरस फुटांच्या तुकड्यात मावणारी नाही. खात्रीचे निवृत्तिवेतन, परवडणारे भाड्याचे घर आणि सार्वजनिक पैशाने वाढलेल्या जमिनीच्या किमतीवर समाजाचा हक्क, या तीन मागण्या त्याच्याच आहेत. त्या त्याच्या आहेत हे त्याला पटवून देण्याचे काम आपले आहे, आणि ते पुढचा फलक लागण्याच्या आत सुरू झाले पाहिजे.